आधी सेल बघ, मग ओहम

रविवारी दुपारी मिसळ जरा जास्तच झाली होती, तर्री दोनदा मागून घेतली त्याची शिक्षा म्हणून कॉटवर आडवा पडलो होतो आणि तेवढ्यात बारक्याचा व्हिडिओ कॉल. बारक्या म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ, खरं नाव मोठं भारदस्त आहे पण घरात सगळे बारक्याच म्हणतात, तो आता दोन वर्षं झाली इंग्लंडात लेस्टरला आहे. इकडे दीड वाजला होता, तिकडे सकाळचे नऊ. कॅमेऱ्यासमोर एक काळा डबा धरला होता, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, आणि आवाज एकदम हळू. हळू का तर आमची मावशी, म्हणजे त्याची आई, त्या वेळी पंचवटीत नाही तर माझ्याच घरी स्वयंपाकघरात बसलेली, हे त्याला माहीत होतं.

म्हणाला दादा, तू वायरमन माणूस, हे १.५ ओहम म्हणजे नक्की काय आणि हे चांगलं का ०.२ वालं चांगलं?

मी आधी त्याला सुधारलं की मी वायरमन नाही, मोटार रिवाइंडिंगवाला आहे, सातपूरला बावीस वर्षं तेच करतोय. मग डबा नीट बघितला आणि हसूच आलं, कारण तसलाच एक डबा सहा वर्षं माझ्या खिशात होता. बॉटम फीडर, म्हणजे ई-सिगरेटचाच एक प्रकार, कॉइल तापवून निकोटीनच्या लिक्विडची वाफ ओढायची. आता पोरं त्याला स्क्वॉन्क म्हणतात म्हणे.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो नाहीतर कुणीतरी येऊन विचारणारच. आपल्याकडे ही वस्तू बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा झाला, बनवणं, आयात, विक्री, साठवणं, जाहिरात सगळ्याला बंदी, साठवण्याला शिक्षा जरा कमी, बाकी कशातही पहिल्यांदा सापडलं तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळं मला कुठं मिळेल विचारू नका, मला माहीत नाही आणि असतं तरी सांगितलं नसतं. मी स्वतः २०१९ लाच सोडलं, सिगरेट त्याच्या आधी सुटली होती, आता फक्त बडीशेप आणि मिसळ. निकोटीन शेवटी निकोटीनच, सवय लावतंच, ज्यानं कधी ओढली नाही त्यानं या भानगडीत पडायचं काही कारण नाही. पण बारक्याच्या हातात ती वस्तू ऑलरेडी होती, तिकडे ती कायदेशीर आहे, आणि तो ती चुकीच्या सेलवर चुकीच्या कॉइलनं चालवायला निघाला होता. म्हणून हे लिहितोय, आणि खरं सांगू का, विषय विजेचा आहे आणि मला विजेबद्दल बोलायला आवडतं.

झालं असं की तिकडे १ जून २०२५ पासून ते वापरून फेकायचे डिस्पोजेबल बंद झाले. बारक्या तेच ओढत होता. मग रूम पार्टनरनं आपला जुना डबा याला देऊन टाकला, सोबत एका पिशवीत चार जुने सीलबंद ५१० ॲटोमायझर (म्हणजे डब्यावर बसवायचा, कॉइल आणि वात असलेला भाग, ५१० हा त्याच्या आट्याचा प्रकार), वर पेनानं १.५ लिहिलेलं, आणि एक नवा, उघडा, दोन जाड कॉइल बसवलेला, ०.२. शिवाय सेल एक, त्याच्यावर काही लिहिलेलंच नाही, हिरव्या रंगाचा. विचारलं कुठून आणला तर म्हणे जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलाय, चालतो मस्त, टॉर्चमध्ये घालून बघितला.

टॉर्चमध्ये चालतो. अरे भो.

ज्यांना हा डबा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या यंत्रात लिक्विड वरून टाकीत भरतात आणि ते कॉइलपर्यंत झिरपतं. बॉटम फीडरमध्ये उलटं, डब्याच्या आत सेलच्या शेजारी मऊ प्लॅस्टिकची पाच-सहा मिलीची बाटली बसते, बाहेरून बोटानं दाबली की लिक्विड बारीक नळीतून वर चढतं, ॲटोमायझरच्या मधल्या पिनेला आरपार भोक असतं त्यातून आत जाऊन वात भिजते. बोट सोडलं की जास्तीचं परत खाली ओढलं जातं. आपल्या द्राक्षवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दिंडोरीच्या बागेतलं ठिबक, फक्त व्हॉल्व तुमच्या बोटात. वर टाकी नाही, खिशात सांडत नाही, आणि थेंब थेंब टाकत बसायची कटकट नाही. म्हणूनच तो प्रकार मला आवडला होता. आणि म्हणूनच त्याला नेहमीचा ॲटोमायझर चालत नाही, मधली पिन आरपार पोकळ पाहिजे. नवीन प्रकारातले बरेच ॲटोमायझर घन पिनेचे येतात, सोबत दुसरी भोकाची पिन असली तर ती बदलून लावायची, नसली तर तो ॲटोमायझर आपल्या कामाचा नाही, मग ओहम कितीही असो. बारक्याच्या ०.२ वाल्याला भोक होतं. जुन्या ५१० ला तर असतंच, त्याच्यातूनच हवा पण येते.

आता लो रेझिस्टन्स. रेझिस्टन्स म्हणजे कॉइल वीज किती अडवते ते, आणि ओहम हे त्याचं माप. लो रेझिस्टन्स हा शब्द ऐकला की आजची पोरं ०.२, ०.१ वर जातात. पण हा शब्द आला तेव्हा लो म्हणजे दीड ओहमच होता, आणि त्यामागं साधा हिशोब होता. त्या वेळचा साधा ५१० ॲटोमायझर सव्वादोन-अडीच ओहमचा यायचा. बॉटम फीडरमध्ये लिथियमचा एकच सेल, त्याचं व्होल्टेज ३.७ धरा. आत सर्किट नाही, बटण म्हणजे पितळेची एक पट्टी, दाबली की सेल सरळ कॉइलला. ३.७ चा वर्ग भागिले २.३, झाले सहा वॅट सुद्धा नाहीत. सहा वॅटमध्ये काय होतं, वात कोमट होते. लोकांना मजा येत होती ती पाच व्होल्टच्या यंत्रात, तिथं अडीच ओहमवर दहा वॅट मिळायचे, पण त्याला दोन सेल आणि मधे रेग्युलेटर लागायचा, डबा मोठा. मग डोकं असं लावलं की व्होल्ट वाढवता येत नाही ना, तर ओहम कमी करा. दीड ओहम केला, ३.७ वर नऊ वॅट. एका सेलवर पाच व्होल्टची मजा. एवढीच ती गोष्ट.

हे बारक्याला सांगितलं तर म्हणाला मग अजून कमी केला की अजून मजा. बरोबर आहे, आणि इथंच माणूस फसतो.

कारण ओहम कमी केला की वॅट सेलमधून येतात, आकाशातून नाही. लिथियमचा सेल फुल चार्ज असताना ३.७ नसतो, ४.२ असतो, हिशोब नेहमी ४.२ नं करायचा. दीड ओहमला २.८ अँपिअर. अर्ध्या ओहमला ८.४. आणि बारक्याचा ०.२, तिथं २१ अँपिअर. कागदावर ८८ वॅट. २१ अँपिअर म्हणजे काय हे कळत नसेल तर घरातला गीझर आठवा, तो सुद्धा साधारण नऊ-दहा अँपिअर घेतो आणि त्याला आपण वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकतो. गीझरला २३० व्होल्ट आहेत म्हणून ताकद वेगळी, ते मान्य, पण वायर, काँटॅक्ट आणि स्प्रिंग तापतात ते करंटनं, व्होल्टनं नाही.

म्हणून माझा क्रम असा, आधी सेल. त्याच्यावर काय लिहिलंय, एमएएच म्हणजे आत साठा किती ते नाही, सलग किती अँपिअर देतो ते. तो आकडा सेलच्या कंपनीनं छापलेल्या डेटाशीटमध्ये असतो. सॅमसंगचा २५आर घ्या, २५०० एमएएच, सलग २० अँपिअर. एलजीचा एचजी२, ३००० एमएएच, २० अँपिअर. सॅमसंगचाच ३०क्यू, तो पण ३००० पण १५ अँपिअर. हे सगळे १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य गोल सेलचा. आता यातला सगळ्यात दांडगा २० चा धरला तरी ०.२ ची कॉइल २१ मागते, म्हणजे पहिल्याच दमाला मर्यादेच्या बाहेर. आणि बारक्याच्या हातात तर लॅपटॉपचा. ते सेल लांब चालायला बनवलेले, झटका द्यायला नाही, कोबाल्टवाले, साधारण पाचेक अँपिअरच्या पुढं गेलं की तापतात. कोबाल्टचा सेल तापून बिघडला तर नुसता मरत नाही, आतला गॅस बाहेर फेकतो, जाळ होतो. आणि धातूच्या बंद डब्यात, तोंडापासून एक वितीवर.

टॉर्च अर्धा-एक अँपिअर घेते. टॉर्चमध्ये चालला म्हणून कॉइलवर चालेल म्हणजे पोरगा सायकल चालवतो म्हणून त्याच्या हातात कसाऱ्याच्या घाटात ट्रक देण्यासारखं झालं.

माझी स्वतःची सांगतो, म्हणजे मी काही जन्मजात शहाणा नाही हे कळेल.

२०१३ ची गोष्ट. अमेरिकेहून आलेल्या शाळेतल्या मित्रानं मला एक छोटा ॲल्युमिनियमचा बॉटम फीडर दिला होता. त्यात १८६५० नाही, १४५००, म्हणजे पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम, ८०० एमएएच वगैरे. सोबत दिलेले ॲटोमायझर दोन महिन्यांत संपले. लो रेझिस्टन्सवाले लवकरच जायचे, तार तेवढीच, मार जास्त. मग मला वाटलं आपण वाइंडर, रोज मोटारी बांधतो, एवढीशी कॉइल काय बांधता येणार नाही? नेटवर वाचलं होतं, २८ गेजची (गेज म्हणजे जाडीचा नंबर) कँथल तार, कॉइलसाठी वापरतात ती, घ्या, साडेआठ सेंटीमीटर, दीड ओहम होतो. इथं कँथल कुठं मिळणार. पण शेगडीची स्प्रिंग असते ती नायक्रोमची, तारच हवी ना, मेनरोडच्या बाजूला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात २८ गेज नायक्रोम मिळाली. मापून साडेआठ सेंटीमीटर कापली, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर आठ वेढे मारले, सुती दोऱ्याची वात घातली, समईच्या वातीसारखी दिसायला, एकदम झकास. स्वतःवर खूश होऊन मीटर लावायचा पण कंटाळा केला. बावीस, म्हणजे तेव्हा दहा वर्षं झाली होती, गिऱ्हाइकाला मीटर लावल्याशिवाय मोटार परत न देणारा माणूस मी.

बटण दाबलं. पहिला दम जोरदार, वाटलं वा. दुसऱ्याला चटका. तिसऱ्याला डबा हातात गरम लागायला लागला, वरून नाही, खालून, जिथं सेलची स्प्रिंग असते तिथून. आणि तो वास, जळक्या प्लॅस्टिकचा नाही, जरा गोडसर आंबट, लिथियमचा सेल चिडला की येतो तो. चिमट्यानं सेल काढून बाहेर वाळूच्या बादलीत टाकला, वर्कशॉपमध्ये आगीसाठी ठेवलेली असते ती. खालची स्प्रिंग बघितली तर निळी पडून बसलेली, दाबली तरी परत वर येत नव्हती. स्प्रिंग बसली म्हणूनच सर्किट तुटलं आणि मी वाचलो. सेलला आत प्रोटेक्शन नव्हतं.

रात्री मीटर लावला आणि मग अक्कल आली. कॉइल दीड नाही, ०.८ ओहमची होती. का? दोन चुका एकावर एक. पहिली, नेटवरचा २८ गेज म्हणजे अमेरिकन गेज, ०.३२ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगची तार विकतात ती एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, त्यातला २८ म्हणजे ०.३७६ मिलिमीटर. जाड तार, कमी ओहम. अमेरिकन २८ च्या जवळ जायला आपला ३० मागायला पाहिजे होता. आणि हे मला माहीत नसावं? रोज एसडब्ल्यूजीचं कोष्टक भिंतीवर लावून काम करतो मी. दुसरी चूक, नायक्रोम आणि कँथल सारखी नाही, तेवढ्याच जाडीची आणि लांबीची तार घेतली तर नायक्रोमचा ओहम कँथलच्या पाऊणपट येतो. दोन्ही मिळून दीडचा झाला ०.८. ०.८ ला पाच अँपिअरच्या वर. ज्या सेलची औकात दीड अँपिअर त्याच्याकडून मी पाच मागत होतो. अगदी खरं सांगायचं तर दीडचा बरोबर बनला असता तरी २.८, तो पण त्या छोट्या सेलला जास्तच होता. म्हणजे कॉइल चुकली नसती तरी सेल कधीतरी गेलाच असता, फक्त सावकाश.

शिवाय शेगडीची तार फुप्फुसात जाणाऱ्या वाफेखाली तापवायची, तिच्यावर काय तेल, काय कोटिंग कोण जाणे, हा मूर्खपणा वेगळाच. कुणी करू नका.

बारक्या हे ऐकून एवढंच म्हणाला, दादा तू मेला असतास. मग जरा थांबून म्हणाला, पण माझा सेल मोठा आहे. आमच्या घराण्यात हे असंच आहे.

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी लो रेझिस्टन्स घेताना लोक विसरतात. काँटॅक्ट. निफाडकडून उन्हाळ्यात माझ्याकडे शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी येतात. शेतकरी म्हणतो वाइंडिंग खराब बांधलं. वाइंडिंग नाही हो, डीपी लांब, वायर बारीक, आणि स्टार्टरमधले पॉइंट कार्बन धरलेले, मोटारीपर्यंत व्होल्टेजच पोचत नाही, मग ती करंट जास्त ओढते आणि तापून जळते. दोष मोटारीचा नसतो, मधल्या रस्त्याचा असतो. बॉटम फीडरच्या डब्यात रस्ता चार इंचाचा पण तोच प्रकार. कॉइलसाठी पाठवलेली वीज मधेच कुठंतरी खर्च होते. पितळेची पट्टी, स्टीलची स्प्रिंग, मधली पिन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर चढताना सांडलेलं गोड लिक्विड, ते वाळून चिकट काळा थर धरतं. समजा सगळं मिळून ०.१ ओहम झाले. कॉइल दीडची असेल तर ०.१ मध्ये जाऊन जाऊन किती जाणार, अर्धा-पाऊण वॅट, कळत पण नाही. कॉइल ०.२ ची असेल तर एकूण झाले ०.३, करंट १४ अँपिअर, आणि त्या बटणात-स्प्रिंगमध्ये जवळजवळ २० वॅट. माझी बारीक सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची आहे. म्हणजे ज्या पट्टीवर तुझा अंगठा आहे तिथं सोल्डरिंग इस्त्री.

जुने बॉटम फीडर दीड ओहमच्या हिशोबानं बनवलेले होते, त्यांची स्प्रिंग, पट्टी, सगळं दोन-तीन अँपिअरसाठी. त्यावर ०.२ चढवायची म्हणजे जुन्या चाळीच्या वायरिंगवर एसी लावणं. काही लोक पट्टीला चांदीचा मुलामा देतात, स्प्रिंग बदलतात, तो वेगळा छंद आहे, त्यांना माझा नमस्कार.

मीटरचं पण सांगायला पाहिजे, कारण बारक्यानं विचारलं की मी साधा मल्टिमीटर आणू का. आण, पण साध्या स्वस्त मीटरवर २०० ओहमच्या रेंजला शेवटचा आकडा ०.१ चा असतो. आणि दोन्ही लीड एकमेकांना लावल्या तरी तो ०.२, ०.३ दाखवतो, ती लीडची स्वतःची रेझिस्टन्स. दीडची कॉइल मोजताना १.७ दाखवला, लीडचे ०.२ वजा केले, दीड, झालं काम. पण ०.२ ची कॉइल याच्यावर मोजायची म्हणजे भाजीच्या तराजूवर सोनं. ०.१ आहे का ०.३ आहे हे कळणारच नाही, आणि त्या दोघांत ४२ अँपिअर आणि १४ अँपिअर एवढा फरक आहे. ज्याच्याकडे बारीक मोजणारा ओहम मीटर नाही त्यानं सर्किट नसलेल्या डब्यावर एवढ्या खालच्या कॉइलला हात लावू नये असं माझं सरळ मत आहे. आणि जुन्या सीलबंद पाकिटावर १.५ लिहिलंय म्हणून आत दीडच असेल असं पण नाही, मी चार मोजले की एखादा १.३, एखादा १.८ निघायचाच. नवा लावण्याआधी मोजायचाच. शून्याजवळ दाखवला तर आत शॉर्ट आहे, फेकून दे. आणि डब्यावर बसवताना पिळून पिळून घट्ट करायचा नाही, मधली पिन खाली दबते आणि डब्याला टेकली की सरळ शॉर्ट.

आता लिक्विडची बाजू. तार तापवणं अर्धं काम, अर्धं काम वात ओली ठेवणं. ओहम कमी म्हणजे लिक्विड जास्त लवकर उडतं, मग दाबायला पण जास्त वेळा लागतं. सव्वादोन ओहमवर मी एकदा दाबलं की पाच-सहा दम जायचे, दीडवर तीन. चौथ्याला घशात तो कोरडा करपट झटका, कढईत फोडणी जळल्यावर जो खाट उठतो तसा, ज्यानं घेतलाय त्याला विचारा. आणि भीतीनं जास्त दाबलं तर वर पूर येतो, गुडगुड आवाज, हवेच्या भोकातून ओघळ, तोंडात थेंब. हाताला ती सवय लागायला एक आठवडा लागतो. लिक्विड घट्ट असेल, म्हणजे ग्लिसरीन जास्त, तर बारीक नळीतून आणि ५१० च्या भोकातून ते चढतच नाही नीट. माझं तर निफाडच्या थंडीत एकदा सकाळी सहा वाजता एका पंपाच्या कामाला गेलो होतो तेव्हा बाटलीत मधासारखं झालं होतं, बगलेत धरून गरम केलं. तिकडे लेस्टरला काय होईल. जुन्या छोट्या ॲटोमायझरला पातळ, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकोल निम्मं तरी असलेलं लिक्विड बरं. ०.२ वाल्या मोठ्या डेकला, म्हणजे कॉइल बसवायच्या उघड्या बैठकीला, घट्ट चालतं, तिथं कापूस भरपूर असतो, पण मग बाटली दुपारपर्यंत संपते.

आणि निकोटीन. हे कुणी सांगत नाही. डिस्पोजेबलमध्ये बारक्या २० मिलिग्रॅमचं ओढत होता, तिकडच्या कायद्यात तेवढीच वरची मर्यादा आहे. ते सात-आठ-दहा वॅटमध्ये ठीक, वाफ कमी असते. तेच २० चं लिक्विड ०.२ च्या कॉइलवर टाकलं तर एका दमात कितीतरी पट वाफ, कितीतरी पट निकोटीन, डोकं गरगरणार, मळमळ, घाम. खालच्या ओहमवर जायचं असेल तर लिक्विड पण तीन मिलिग्रॅमवर आणायला लागतं. म्हणजे ओहम बदलला की सेल बदलला, स्प्रिंग बदलली, लिक्विड बदललं, बाटली भरायची वेळ बदलली. नुसता एक आकडा नाही तो.

सेलच्या बाबतीत अजून एक, कारण बारक्या लगेच ऑनलाइन बघायला लागला आणि मला लिंक पाठवली, ९८०० एमएएच, स्वस्त. मी पण एकदा तसाच ऑनलाइन मागवला होता. हातात घेतल्यावरच हलका लागला, वर्कशॉपमधल्या तांब्याच्या तारेच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम. चांगला १८६५० कुठलाही घ्या, ४५ ते ४८ च्या आसपास भरतो. ९८०० वगैरे त्या मापात बसतच नाही, चांगल्यातला चांगला साडेतीन-चार हजारापर्यंत. आणि चकचकीत रंगाच्या कागदात गुंडाळून वर ३५-४० अँपिअर छापणारे पण तसलेच, आत दुसऱ्याचा सेल. आणि सेलचं वरचं प्लॅस्टिक कुठं फाटलेलं दिसलं तर वापरायचा नाही, खिशात किल्ल्यांसोबत मोकळा टाकायचा नाही. हे मी बारक्याला दोनदा म्हणायला लावलं.

तर शेवटी काय लाव म्हणून सांगितलं? जुना दीडवाला. सेल चांगल्या दुकानातून, २० अँपिअरचा नवा, जरी दीडला तीनच लागत असले तरी, कारण मोकळी जागा असलेली बरी. फुल चार्जला ४.२ वर पावणेबारा वॅट, संध्याकाळी सेल साडेतीनवर आला की आठ वॅट, म्हणजे संध्याकाळी जरा मरगळ येणार, ती आली की चार्जिंगला लावायचा, तो डब्याचा इशाराच समज. ०.२ वाला पिशवीत बांधून रूम पार्टनरला परत. आणि पुढं-मागं मोठी वाफ पाहिजेच झाली तर आतमध्ये सर्किट असलेला बॉटम फीडर मिळतो, तो शॉर्ट ओळखतो, ओहम दाखवतो, सेल उतरला की बंद होतो, तो घे, पितळेच्या पट्टीशी कुस्ती खेळू नको. आणि दिवाळीला येताना यातलं काही बॅगेत टाकून आणायचं नाही, आपल्याकडे आयात म्हणजे आयात, एक असो की शंभर.

तो म्हणाला मला मोठी वाफ नकोच आहे दादा, मला फक्त सिगरेट परत धरायची नाहीये. मग मी जरा गप्प झालो. एवढा वेळ आकडे सांगत होतो, हे आधीच विचारायला पाहिजे होतं. मग म्हटलं मग तर दीड पण खूप झाला, आणि लिक्विडचं निकोटीन दर दोन-तीन महिन्यांनी एक पायरी खाली आण, मी तसंच केलं होतं, शेवटी नुसतंच गोड पाणी ओढत होतो आणि एक दिवस डबा चार्ज करायचाच विसरलो.

तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. कुणाशी बोलतोस रे इतका वेळ? म्हटलं बारक्या आहे, त्याच्याकडच्या एका पंपाचं विचारतोय. खोटं नव्हतं अगदी, बाटली दाबली की वर चढतं, पंपच तो. मावशीनं फोन घेतला, कॅमेऱ्यात डोळे बारीक करून बघितलं, आणि म्हणाली, तुझ्याकडे कुठली शेती रे, पंप कशाला?

बारक्याचं नेटवर्क त्याच क्षणी गेलं.

बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आला. नवा मीटर, पिवळा, दोन्ही लीड ॲटोमायझरला धरलेल्या, स्क्रीनवर १.७. खाली लिहिलं होतं, दादा १.७ आहे, चालेल ना, सेल नवीन घेतला, पावती पण आहे. मी लिहिलं, लीडचे वजा केलेस का? दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.